दातांनी सोडवलेले ठोकळे

१

डिसेंबरच्या दहा तारखेला अम्मानं माळ्यावरून तीन खोके काढले आणि म्हणाली, या वर्षी मांड, पण आतल्या खोलीत मांड, पुढं नको. मागच्या वर्षी ते खोके कोणी काढले नव्हते. मीही विचारलं नव्हतं.

त्या खोक्यांत प्लॅस्टिकचे ठोकळे आहेत. एकावर एक दाबून बसवायचे आणि त्यातून नाताळचं गाव तयार करायचं. सिंगापूरचा राघवेंद्रमामा येताना दर वेळी एक खोका आणायचा. पहिल्यात खेळण्यांचं दुकान आहे, दुसऱ्यात झाडाशेजारचं रेल्वे स्टेशन आणि तिसऱ्यात शेकोटीचं घर. तिसरा खोका उघडला तेव्हा अप्पा म्हणाले होते, तंजावरात शेकोटी कोणाला लागते, मामाला सांग, पुढच्या वर्षी पंखा आण.

नवरात्रात कोलूच्या बाहुल्या मांडायला ज्या लाकडी पायऱ्या आम्ही लावतो, त्यांतल्या तीन मी खोलीत लावल्या. वर पांढरी चादर घातली, चादरीवर कापूस पसरला. गेल्या दोन-तीन वर्षांत इथल्या दुकानांतही नाताळचं सामान मिळायला लागलंय. माझ्या वर्गातल्या साईप्रियाबरोबर जाऊन मी चकचकीत रुपेरी चेंडू आणि छोट्या दिव्यांची एक माळ आणली. ठोकळे निवडायला अम्माचं जुनं इडलीपात्र घेतलं. एका खळग्यात लाल, एकात पांढरे, एकात तपकिरी, आणि मधल्यात काचेसारखे, दिव्यांसाठी. हे इडलीपात्राचं अक्कानं सुरू केलं होतं. मी पुस्तिका बघून एकेक ठोकळा द्यायची आणि ती बसवायची. विनुताअक्का माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी आहे.

चपट्या पट्ट्या एकमेकींवर बसल्या की नखांनी सुटत नाहीत. अक्का त्या दातांनी सोडवायची. लहानपणी नळावर आपटून तिच्या समोरच्या दाताचा कोपरा तुटला होता, त्यामुळे पट्टीच्या कडेवर तिच्या दातांची खूण उमटायची ती एका जागी तुटलेली. जुन्या ठोकळ्यांवर अशा खुणा खूप आहेत. त्या कुठल्या कुठल्या ठोकळ्यावर आहेत ते मला पाठ आहे.

तेरा तारखेला दोन पांढऱ्या पट्ट्या माझ्याकडून चुकून एकमेकींवर घट्ट बसल्या. खूप ओढल्या, सुटल्या नाहीत. त्या तशाच इडलीपात्रात टाकून मी सहामाहीच्या पेपराला गेले. दुपारी दोनला घरी आले तेव्हा त्या सुट्या होत्या.

एकीच्या कडेवर दातांची खूण होती. बोट लावलं तर ओली लागली. ओळ सरळ होती, कुठंही तुटलेली नव्हती.

अम्माचे दात इतके कच्चे आहेत की चकलीसारखा मुरुक्कूसुद्धा तिला कुटून खावा लागतो. अप्पा त्या खोलीत पाऊल ठेवत नाहीत. मी पट्टी फ्रॉकला पुसली आणि दुकानाच्या छपरात बसवून टाकली, म्हणजे खूण आत जाईल.

२

अप्पांनी काय केलं ते सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही.

अक्का बस स्टँडजवळच्या कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये शिकवायची. तिथं आरोक्यराज म्हणून एक ख्रिस्ती मुलगा शिकवायचा. त्याच्या आदल्या वर्षी, शहाण्णवच्या फेब्रुवारीत, दोघांनी त्रिचीला जाऊन लग्न नोंदवलं आणि तिथूनच तिनं पत्र टाकलं. अप्पा एका सरकारी कचेरीत सुपरिंटेंडेंट आहेत. पत्र वाचून ते ओरडले नाहीत. त्यांनी पत्राची घडी घातली, आमच्या भटजींना, वाद्यार गुरुमूर्तींना, बोलावलं आणि सांगितलं की मुलगी गेली, दिवस घालायचे आहेत.

गुरुमूर्ती आमच्याकडचं सगळं करतात, श्राद्धापासून सत्यनारायणापर्यंत. ते घाबरले. जिवंत माणसाचं असं आता कोणी करत नाही, नुसती तिच्या नावानं आंघोळ करून सोडून द्या, असं ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. अप्पा म्हणाले, करायचं तर पुरतं करायचं.

आणि पुरतं केलं. आंघोळ केली, दहा दिवस सुतक पाळलं. दहाव्या दिवशी तिरुवैयारला नदीवर जाऊन पिंड दिला. गुरुमूर्तींनी आधीच सांगून ठेवलं होतं की कावळा शिवणार नाही, कारण जेवायला कोणी नाहीच. थोडा वेळ थांबायचं, पिंड पाण्यात सोडायचा आणि घरी यायचं.

घरी आल्यावर अप्पा अम्माला जे म्हणाले ते मी स्वैपाकघराच्या दारामागून ऐकलं.

"मी हात धूत होतो. वळलो तर पान रिकामं होतं. कावळा आलेला ना मी पाहिला ना गुरुमूर्तींनी."

अम्मा म्हणाली, मग कुत्रं असेल. अप्पा म्हणाले, असेल. त्यानंतर त्यांनी जेवून घेतलं.

मीही तेच म्हणते, कुत्रंच असेल. नदीकाठी कुत्री पुष्कळ असतात. पण त्या दिवसापासून गुरुमूर्ती आमच्या घरी येत नाहीत. काही असलं तर अप्पाच त्यांच्याकडे जातात.

अक्काचे फोटो काढले गेले. तिची लोखंडी खाट मिटून भिंतीला लावली. तिचं नाव घ्यायचं नाही असं कोणी म्हणालं नाही, पण कोणी घेतलं नाही. तेराव्याच्या जेवणानंतर ती आतली खोली नुसती आतली खोली झाली. आमचं घर हाउसिंग बोर्डाचं आहे, दोन खोल्या आणि पुढचा हॉल. एवढ्याशा घरात एक खोली रिकामी राहिली की ती सगळीकडून जाणवते.

३

परीक्षेच्या दिवसांत मी दुपारी घरी असायची. रोज थोडं बांधायचं असं ठरवलं होतं, एक भिंत किंवा एक दार. पण मी जेवढं बांधून जायची त्याहून थोडं जास्त बांधलेलं मला सापडायचं. फार नाही. एखादी खिडकी, नाहीतर पायरी.

आधी वाटलं, मीच बांधलं असेन आणि विसरले असेन. म्हणून मी वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवायला लागले. सोळा तारीख: शेकोटीचं घर, मागची भिंत चार थर. सतरा तारखेला भिंत सहा थर होती.

शेकोटीच्या धुराड्यावरून माझी खात्री पटली. पुस्तिकेत धुराडं पूर्ण लाल आहे. अक्का ते कधीच तसं बांधायची नाही. ती एक लाल, एक पांढरा, एक लाल, एक पांढरा असं बांधायची, कारण मामानं आणलेली नाताळची गोळी तशी पट्ट्यापट्ट्यांची होती. अठरा तारखेला धुराडं तयार होतं. दोन लाल, एक पांढरा, दोन लाल. मी हात लावला नाही. एकोणीसला ते मोडून पुन्हा बांधलेलं होतं. एक लाल, एक पांढरा, अगदी वरपर्यंत.

चूक सुधारली होती.

मग मी दातांच्या खुणा बघायला घेतल्या. इडलीपात्रात तीन पट्ट्यांवर नव्या खुणा होत्या. पहिलीवर तुटलेली जागा नव्हती. दुसरीवर होती, पण डावीकडे. तिसरीवर उजवीकडे, जिथं अक्काची असते तिथं. जुन्या खुणेशेजारी धरून बघितली. फरक दिसला नाही.

आमच्या वर्गात काही मुली दुसरीचं अक्षर काढायला शिकतात. आधी वेडंवाकडं येतं, मग जवळपास, मग तसंच. मला त्याची आठवण झाली. कोणीतरी अभ्यास करत होतं.

त्या दुपारी मी स्वैपाकघरात ताक पीत असताना पहिल्यांदा आवाज ऐकला. टक्. ठोकळा ठोकळ्यावर बसतो तेव्हा होतो तो. मग शांतता, जेवढा वेळ खळग्यातून दुसरा शोधायला लागतो तेवढीच. मग पुन्हा टक्. पेला हातात घेऊन मी दाराशी गेले. आवाज थांबला. दार लोटलेलं होतं. मी ते ढकललं नाही.

४

वीस तारखेला साईप्रियानं शाळेत मला पाकीट दिलं. अक्काची पत्रं आमच्या घरी येऊ शकत नाहीत, म्हणून तिनं ते साईप्रियाच्या पत्त्यावर पाठवलं होतं. आम्ही घरात मराठी बोलतो पण शाळेत तमिळ शिकलो, म्हणून अक्का मराठी लिहिते ती तमिळ अक्षरांत. वाचायला वेळ लागतो, आणि माझी सवय अशी की तमिळ अक्षरांतलं मराठी मला पुटपुटल्याशिवाय कळत नाही.

मी ते आतल्या खोलीत बसून पुटपुटत वाचलं. घरात दुसरीकडं एकटं बसायला जागा नाही.

तिला मुलगी झाली होती, तीन महिन्यांची. पंचवीस तारखेला ते सगळे तंजावरला आरोक्यराजच्या मावशीकडं येणार होते. दुपारी तीनला ती बाळाला घेऊन एकटीच आमच्या घरी येणार होती. पुढं तिनं लिहिलं होतं:

"जानू, दार तू उघड. अम्मानं उघडलं तर ती आधी वळून अप्पांच्या तोंडाकडं बघेल, आणि ते बघायला मी थांबणार नाही. तू उघडलंस तर मी आत येईन आणि मग काय व्हायचं ते होऊ दे. मी एकदाच येणार आहे. पुन्हा विचारणार नाही."

मी पत्र तीनदा वाचलं. पावणेदोन वर्षांत मला कोणी असं काही दिलं नव्हतं. मी बोलत नाही म्हणून मला कोणी काही सांगतही नाही. फक्त दार उघडायचं होतं. तेवढं मला जमणार होतं.

एकवीस तारखेला शेकोटीच्या घरात, शेकोटीसमोर, एक पाळणा होता.

तो पुस्तिकेत नाही. अक्कानंही कधी बांधला नव्हता. तपकिरी ठोकळ्यांचा, दोन बाजूंना दोन खांब, मध्ये चपट्या पट्टीची झोळी. बोटानं ढकलला तर हलायचा. फार सुबक होता. आत काही ठेवलेलं नव्हतं.

मी तो मोडून ठोकळे खळग्यात टाकले. त्यांतले दोन खाली पडले आणि मिटलेल्या खाटेमागं गेले. ते काढायला मी वाकले नाही.

५

मी अम्माला सांगायचं ठरवलं. चार वाजता ती कॉफी करते. मी स्वैपाकघरात गेले तर तिनं चार पेले मांडले होते. अप्पांचा, तिचा, माझा, आणि एक पितळी डबऱ्यात, म्हणजे खोलगट वाटीत ठेवलेला, जसा अक्काला लागायचा.

ती डबरा घेऊन आतल्या खोलीच्या दाराशी गेली, खाली ठेवला आणि परत आली. तिच्या चालण्यात काही लपवणं नव्हतं.

"किती दिवस?" मी विचारलं.

कार्तिकै महिना लागल्यापासून, असं ती म्हणाली. म्हणजे महिना होऊन गेला. आधी खोलीत नुसतंच काही सरकायचं. करायला काही दिलं तर बरं म्हणून तिनं ठोकळे काढले होते. माझ्यासाठी नव्हे. हे सांगताना ती माझ्या पेल्यात साखर ढवळत होती.

मी म्हटलं, ती अक्का नाही. अक्का त्रिचीला आहे, ती जिवंत आहे, तुलाही माहीत आहे.

"माहीत आहे ग," अम्मा म्हणाली. "त्रिचीतली त्रिचीत आहे. तिच्यामुळं मला तोंड दाखवायला जागा उरली नाही. ही कोणाला दिसत नाही, कोणाशी बोलत नाही, तुझ्या अप्पांना हिचा काही त्रास नाही. माझ्या घरात आहे. मला हिचं चालतं."

"आणि ती परत आली तर?"

अम्मानं माझ्याकडं बघितलं. तिला पत्राचं माहीत होतं असं मला वाटत नाही. "एका मुलीचे दिवस घातले," ती म्हणाली. "घरात जागा एकीची आहे. दोघी कशा मावतील?"

मग ती नेहमीच्या आवाजात म्हणाली की कॉफी थंड होतेय, आणि तू फार हळू बोलतेस, शाळेत तोंडी परीक्षेत मार्क जातील.

मी पाऊण तासानं डबरा उचलायला गेले. कॉफी तेवढीच होती. वरच्या सायीला मधोमध एक भोक पडलं होतं.

६

पंचवीस तारखेला सुट्टी होती. अप्पा सकाळीच ओरत्तनाडुला एका बारशाला गेले, संध्याकाळी येणार होते. बारशाला त्यांनी चांदीची वाटी नेली. अम्मा दोनला शेजारच्या ताराबाईंबरोबर भजनाला गेली. मार्गळी महिन्यात रोज असतं. मला वाटलं, देवच मदत करतोय.

मी आतल्या खोलीत गेले नाही. हॉलमध्ये बसून रुपेरी चेंडूंना दोरे बांधत होते, हातांना काहीतरी हवं म्हणून. खोलीचं दार लोटलेलं होतं. अडीचपासून आत आवाज चालू होता. टक्, थोडं थांबून टक्. मी ठरवलं होतं की अक्का आली की तिला हॉलमध्येच बसवायचं. आतलं सगळं अप्पांपुढं सांगायचं. दोघी असलो की आम्ही काहीही करू शकू.

तीनला ऑटो थांबल्याचा आवाज आला. फाटक वाजलं. आतला आवाज थांबला.

मी दार उघडलं. अक्का जाड झाली होती आणि केस कापले होते. बाळ तिच्या खांद्यावर झोपलं होतं, पिवळ्या टोपीत. ती हसली तेव्हा तो दात दिसला. मला रडू आलं आणि मी बाजूला व्हायला लागले, तिला आत घ्यायला.

चेंडू माझ्या हातातच होता, छातीपाशी धरलेला. मी खाली बघितलं ते डोळे पुसायला. चेंडूत उंबरा दिसत होता, अक्का दिसत होती, आणि कडेला, माझ्या मागं, आतल्या खोलीचं दार. ते उघडं होतं.

दारात कोणीतरी उभं होतं. अक्काची हिरवी दावणी, ती परकरावर घ्यायची ती ओढणी, मला ओळखता आली. तोंडाच्या जागी चेंडूची कड येत होती, म्हणून तोंड दिसलं नाही. हात दिसले. दोन्ही हात समोर वाकवलेले होते, कोपरात कोपर, जसं तान्हं मूल घेतात तसे. त्यांत काही नव्हतं. ते हात झुलत होते. हळूच, डावीकडं, उजवीकडं. डावीकडं थोडं जास्त जायचं, मग ते कमी झालं. बरोबर होईपर्यंत झुलत होते.

मी पुन्हा दारात आले. चौकटीच्या दोन्ही बाजूंना हात लावले.

"काय ग," अक्का म्हणाली. "अप्पा आहेत का?"

मी म्हटलं, नाहीत. अम्मा? नाही. मग सरक ना, ऊन लागतंय हिला, असं ती म्हणाली आणि हसतच एक पाऊल पुढं आली.

"येऊ नकोस."

ती थांबली. "कोणी सांगितलं असं म्हणायला?"

कोणीतरी सांगितलं असं म्हटलं असतं तर ती मला ढकलून आत आली असती. मला ते माहीत होतं. मी तिला ओळखते.

"कोणी नाही," मी म्हटलं. "मीच सांगते. मला तू नको आहेस इथं."

माझा आवाज कधी नव्हे तो मोठा आला. बाळ जागं झालं. अक्कानं माझ्याकडं इतका वेळ बघितलं की मला वाटलं तिला माझ्या मागं काही दिसलं असेल. पण ती फक्त माझ्या तोंडाकडं बघत होती.

"सरी, बरं," ती म्हणाली. तिनं बाळाची टोपी सारखी केली आणि वळली.

७

मी दार लावलं आणि पाठ टेकून उभी राहिले. मागं वळून बघितलं नव्हतं, आता बघावं लागलं. आतल्या खोलीचं दार उघडं होतं. खोलीत कोणी नव्हतं. खाट, पायऱ्या, कापूस, इडलीपात्र, सगळं जागच्या जागी होतं. दावणी घरात कुठंच सापडली नाही. पण अम्मानं अक्काचे कपडे कुणाला देऊन टाकले की ठेवले, ते मला कधीच माहीत नव्हतं.

मी धावत हॉलच्या खिडकीशी गेले. ऑटो अजून उभी होती. ऑटोवाला काड्यापेटी शोधत होता. अक्का मागच्या बाकावर, अलीकडच्या कडेला, बाळाला घेऊन बसली होती आणि समोर बघत होती. ती रडत नव्हती.

मग ती थोडी सरकली. पदर आवरून घेतला आणि बाकाच्या पलीकडच्या टोकाला सरकली. शेजारी कोणी चढायला लागलं की आपण न बघता सरकतो, तशी.

ऑटो गेली.

ऊन बाकाच्या या बाजूला येत असेल. तिनं आधीच म्हटलं होतं, बाळाला ऊन लागतंय. आणि चेंडूत सगळंच वाकडं दिसतं, लहान मुलालाही माहीत असतं. एवढ्याशा गोलात आतल्या खिडकीचा हिरवा पडदा हलला तरी मला दावणी वाटली असेल. तसं असेल तर अप्पांना ज्याला दहा दिवस लागले ते मी एका वाक्यात केलं, आणि मला वाद्यारही लागला नाही.

साईप्रियाकडं पत्र येत नाही. मी तिला इतक्यांदा विचारलं की आता ती मला बघूनच मान हलवते. मी त्रिचीच्या पत्त्यावर दोन पत्रं टाकली. त्यांत काय लिहायचं ते मला कळलं नाही. शेवटी एवढंच लिहिलं की घरात कोणी जास्तीचं वाटलं तर मला कळव. हे वाचून तिला काय वाटेल ते मला समजतं.

अम्मानं त्या संध्याकाळी कॉफीचा डबरा दाराशी ठेवला. दुसऱ्या दिवशीही ठेवला. साय अखंड राहिली. सहाव्या दिवशी तिनं मला स्वैपाकघरात बोलावलं आणि विचारलं, तू तिला काही बोललीस का. मी नाही म्हटलं. तिनं ओटा पुसून घेतला. मग म्हणाली, "दोन्ही गेल्या माझ्या," आणि पेला धुवायला घेतला.

शाळा सुरू झाली आहे. घरी आले की मी आतल्या खोलीत जाऊन बसते. दोन पांढऱ्या पट्ट्या घेते, एकमेकींवर ठेवून टाचेनं दाबते, इतक्या की मला सुटू नयेत, आणि त्या इडलीपात्रात टाकून दाराबाहेर येऊन थांबते. आत कोणी असेल तर अक्काकडं कोणी गेलेलं नाही. आत कोणी असेल तर मी तिला उगाच घालवलं नाही.

रोज सकाळी मी त्या बघते. आज सव्वीस जानेवारी. अजून त्या जोडलेल्याच आहेत.